पान ४१२ कुणाचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी न्यायला आलेला शेतकरी म्हणतो, "दिवाणजी, माझं पान ४१२." दिवाणजी खतावणी उघडतात, पान काढतात आणि मान वर करून एकदा माणसाकडे बघतात. वेबसाइट पहिली दोन कामं झटक्यात करते. तिसरं तिला मुद्दाम शिकवावं लागतं.

ब्राउझरकडून सर्व्हरला जातात ती नुसती अक्षरं. 'गाव=सांगली' पाठवलं, तर 'सांगली'ची सहा युनिकोड चिन्हं (काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजून), यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, आणि वेबपत्त्यात दर बाइटमागे टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरं, अशी ५४ अक्षरं होऊन जातात. 'ग्राहक=४१२' मधला ४१२ सुद्धा अजून आकडा नसतो, तीन अक्षरांची ओळ असते. मराठी कीबोर्डवरून देवनागरी ४१२ टाकला, तर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्याचा बिनतक्रार आकडा करते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतलं 'नंबर' त्याला आकडाच मानत नाही.

आकडा मिळाला की डेटाबेसमधली ती नोंद शोधायची आणि तिच्यातून नाव, गाव, बाकी असलेला 'ग्राहक' उभा करायचा. स्प्रिंग डेटासारखी प्रोग्रामरची तयार साधनं हे दारातच उरकतात: 'मला ग्राहक हवा' एवढं लिहिलं की प्रोग्रामरच्या हातात थेट ग्राहक येतो. मला ही सोय मनापासून आवडते. तोच शोध दहा ठिकाणी लिहिला की एखाद्या ठिकाणी चूक ठरलेली.

पण याच सोयीत मी फसलो. एका अडत दुकानासाठी केलेल्या साइटवर एका शेतकऱ्याच्या मुलानं पत्त्यातला ४१२ खोडून ४१३ केला, आणि बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची उचल त्याच्यासमोर उघडी पडली. त्यानंच फोन करून सांगितलं. लॉगिन होतं, आकडा बरोबर होता, ग्राहकही खरा होता. मान वर करून कुणी बघितलं नव्हतं.

फॉर्ममधून माहिती बदलताना तर आणखी जपावं लागतं. आलेला प्रत्येक रकाना डोळे झाकून ग्राहकात भरला, तर कुणी 'बाकी=०' सुद्धा पाठवेल. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह या प्रोग्रामरनी अशाच फटीतून, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, रेल्स या वेबसाइट बांधायच्या साधनाच्या प्रकल्पात स्वतःची प्रवेशाची किल्ली घालून दाखवली होती.

आता मी शोधच बदललाय. '४१२ क्रमांकाचा ग्राहक' असं विचारत नाही. 'लॉगिन केलेल्याच्या खात्यांपैकी ४१२' असं विचारतो. त्यानं ४१३ टाकलं की ४०४ येतं, म्हणजे सापडलं नाही. 'परवानगी नाही' म्हणणारं ४०३ मुद्दाम देत नाही. त्यातून ४१३ नंबरचं खातं आहे, एवढं तरी कळतंच.