हिमालयातली वीज बाजारात उतरते तेव्हा

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळने बांगलादेशला पहिल्यांदा वीज विकली. वीज होती ४० मेगावॉट, म्हणजे बांगलादेशच्या गरजेपुढे किरकोळच. करार दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर या पाच महिन्यांसाठी आहे. पण त्रिपक्षीय करारावर सह्याच ऑक्टोबरमध्ये झाल्या. त्यामुळे त्या वर्षीच्या हंगामाचा शेवटचा दिवस तेवढा हाती लागला. पुढच्या जूनमध्ये पुरवठा पुन्हा सुरू झाला.

तरीही दक्षिण आशियातल्या वीजव्यवहारात मला हा दिवस मोठा वाटतो. नेपाळ आणि बांगलादेश यांच्या सीमा कुठेच भिडत नाहीत, मध्ये भारताचा चिंचोळा पट्टा आहे. एका शेजाऱ्याची वीज आपल्या तारांवरून दुसऱ्या शेजाऱ्याकडे जाऊ द्यायला भारत यावेळी पहिल्यांदा राजी झाला. हिमालयातले पाणी आणि उतार काही नवे नाहीत. बदलले ते नियम.

आधी पाण्याचे गणित पाहू. नेपाळमधले बहुतेक जलविद्युत प्रकल्प वाहत्या नदीवर चालतात. नदीचे पाणी बोगद्यातून वळवायचे, उंचावरून टर्बाइनवर सोडायचे आणि खाली पुन्हा नदीत मिळवायचे. कोयनेसारखा मोठा जलाशय मागे नसतो. त्यामुळे पावसाळ्यात नद्या दुथडी भरून वाहतात तेव्हा वीज उतू जाते, आणि हिवाळ्यात बर्फ वितळणे मंदावले की तेच प्रकल्प क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशावर येतात. पावसाळ्यात जे पाणी टर्बाइनवर घेतले नाही ते कायमचे गेले. म्हणून नेपाळला उन्हाळा-पावसाळ्यात गिऱ्हाईक हवे असते आणि हिवाळ्यात पुरवठादार. उत्तर भारताच्या मैदानात नेमके उलटे असते. मे ते सप्टेंबर पंखे, कूलर, एसी आणि भातशेतीचे पंप यांनी मागणी चढते आणि थंडीत ती बरीच उतरते.

ही अदलाबदल निसर्गानेच मांडून ठेवली होती. मग इतकी वर्षे ती का झाली नाही? तारा कमी होत्या हे एक कारण. एकेकाळी नेपाळमध्ये हिवाळ्यात दिवसाला १६ ते १८ तास भारनियमन असायचे. २०१६ मध्ये नेपाळमधले ढल्केबर ते बिहारमधले मुझफ्फरपूर ही वाहिनी सुरू झाली. आधी कमी दाबावर चालणारी ही वाहिनी नंतर ४०० किलोव्होल्टवर आली. भारताकडून वीज येऊ लागली आणि भारनियमन संपत गेले.

पण वीज उलट्या दिशेने विकायला तारेइतकीच बाजारात शिरण्याची परवानगी लागत होती. भूतानचा अनुभव या बाबतीत वेगळा आहे. तिथल्या चुखा जलविद्युत प्रकल्पाला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले, आणि भूतानची गरज भागून उरलेली वीज ठरलेल्या दराने भारतानेच घेतली. ही सरकार ते सरकार रचना भूतानला लाभली. तिच्यात गिऱ्हाईक मात्र एकच असते आणि दर वाटाघाटीत ठरतो. नेपाळला नोव्हेंबर २०२१ मध्ये दुसरी वाट मिळाली. त्रिशूली आणि देवीघाट या दोन प्रकल्पांची मिळून ३९ मेगावॉट वीज इंडियन एनर्जी एक्स्चेंज या भारतातल्या वीजबाजारात विकण्याची मुभा भारताने दिली.

हा बाजार कसा चालतो ते जरा जवळून पाहू, कारण खरी किल्ली इथे आहे. उद्याच्या दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे केले जातात. आदल्या दिवशी सकाळी १० ते १२ या वेळात विकणारे आणि घेणारे प्रत्येक तुकड्यासाठी बोली लावतात. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा जिथे छेदतात, त्या दराने त्या तुकड्यातली सगळी वीज विकली जाते. भर दुपारी भारतात सौरऊर्जेचा पूर असतो, त्यामुळे दर पडतो. सूर्य मावळला की घराघरात दिवे आणि टीव्ही लागतात, सौर पॅनेल गप्प होतात आणि दर चढतो. नदी मात्र सूर्यास्तानंतरही वाहत असते. काही प्रकल्पांजवळ चार-सहा तासांपुरते पाणी धरणारे छोटे तळे असते. ते दुपारी भरून संध्याकाळी सोडले, की तीच वीज अधिक मोलाची होते. राजस्थानातले ऊन आणि नेपाळातली नदी असे एकमेकांना पूरक ठरतात, आणि ते जुळवून आणायला कुणा अधिकाऱ्याचा हुकूम लागत नाही, दर पुरतो.

या बाजारात महाराष्ट्रही आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला जोडले गेले आणि सगळा भारत एकाच वारंवारतेवर, म्हणजे विजेच्या एकाच ठेक्यावर आला. नेपाळ आणि भूतानची जाळी याच लयीत चालतात. बांगलादेशचे चालत नाही. म्हणून भेडामारा इथल्या केंद्रात भारताकडून आलेली वीज आधी एकदिश (डीसी) करतात आणि मग पुन्हा प्रत्यावर्ती (दिशा बदलत वाहणारी) करून पलीकडे सोडतात. एका बाजूची गडबड त्यामुळे दुसरीकडे पोहोचत नाही.

परिणाम लवकर दिसला. २०२३-२४ या आर्थिक वर्षात नेपाळने आयातीपेक्षा जास्त वीज निर्यात केली, असे पहिल्यांदाच घडले. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचा दीर्घकालीन करार भारताने केला.

तरी या परवानग्यांवर माझा आक्षेप आहे. भारत प्रकल्पागणिक मंजुरी देतो, ती ठराविक मुदतीची असते आणि चिनी गुंतवणूक किंवा सहभाग असलेल्या प्रकल्पांची वीज तो घेत नाही. सुरक्षेची काळजी मी समजू शकतो. पण जलविद्युत प्रकल्पाचे कर्ज वर्षानुवर्षे फेडायचे असते. विक्रीची परवानगी वर्षभराच्या हिशेबाने मिळणार असेल, तर बँक व्याज चढेच लावणार, आणि तो भार शेवटी युनिटच्या दरावर येतो. वीज कुणाची घ्यायची हे भारताने जरूर ठरवावे, पण एकदा होकार दिला की तो कर्जाच्या मुदतीइतका टिकावा.

निसर्गाचा धोका वेगळाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक हिमसरोवराचा बांध फुटला आणि १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस झालेल्या अतिवृष्टीने नेपाळमधले अनेक प्रकल्प बंद पाडले. ज्या पावसावर हा व्यापार उभा आहे, तोच त्याला झोडपतो. प्रकल्पांची जागा ठरवताना वरच्या अंगाला कुठली हिमसरोवरे आहेत, हे आता आधी पाहावे लागेल.

राहिला हिवाळा. नेपाळचे वीज प्राधिकरण वाहत्या पाण्यावरच्या खासगी प्रकल्पांना कोरड्या महिन्यांत युनिटला ८.४० नेपाळी रुपये देत आले आहे आणि ओल्या महिन्यांत ४.८०. एवढा फरक असूनही हिवाळ्याची वीज पुरेशी वाढत नाही, कारण नदीतच पाणी नसते. त्यावर उपाय साठवणीचा. तनहुँ जिल्ह्यात सेती नदीवर १४० मेगावॉटचा जलाशयी प्रकल्प बांधला जातो आहे. पावसाळ्याचे पाणी अडवून कोरड्या महिन्यांतल्या संध्याकाळी वापरायचे, हा त्यामागचा हिशेब आहे. असे जलाशय महाग पडतात आणि त्यांच्याखाली गावेही जातात. त्यामुळे ते मोजकेच होतील, आणि तोवर कोरड्या महिन्यांत काठमांडूला भारतातून वीज घ्यावीच लागेल.