चाळीस पत्रिका आणि एक नाणे

‘मुलगा दहावीला नक्की पास होणार’ हे सांगायला पत्रिका लागत नाही. मार्च २०२४च्या परीक्षेत राज्य मंडळाच्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९५.८१ टक्के लागला. म्हणजे येईल त्या प्रत्येकाला डोळे मिटून ‘पास’ सांगत सुटलेल्या माणसाची शंभरातली पंचाण्णव भाकिते खरी ठरली असती. त्यातले बरेचजण पेढे घेऊन येतात; नापास झालेल्यांच्या घरचे कुणी तिकडे फिरकत नाही. तेव्हा भाकीत खरे ठरले का, एवढेच विचारून भागत नाही. सांगणाऱ्याला काहीच कळत नसते, तर त्याची किती उत्तरे बरोबर आली असती, हे आधी काढावे लागते.

पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तिचा सगळा डोलारा याच प्रश्नावर उभा होता. तिचे निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आले. त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा मिळवल्या. शंभर मुले हुशार विद्यार्थी म्हणून निवडलेली, शंभर बौद्धिक अक्षमता असलेली. पत्रिका मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि सरमिसळ केली. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यातल्या ४० गेल्या. काम एकच: कोणती पत्रिका कोणत्या गटातली, ते सांगायचे.

या रचनेत दोन गोष्टी साधल्या. एक म्हणजे ज्याची पत्रिका तो जातक समोर नाही, त्यामुळे त्याचे बोलणे, कपडे, सोबतच्या आईचा चेहरा यांतून काही हाती लागण्याची सोय नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. ‘स्वभाव मनस्वी आहे, पण वेळ आली की जुळवून घेता’ असल्या उत्तराला इथे जागा नव्हती. जे विधान चुकूच शकत नाही, ते तपासताही येत नाही.

आता नाणेफेक. दोनच पर्याय असल्यामुळे नुसते नाणे उडवून उत्तरे लिहिली तरी ४०पैकी सरासरी २० बरोबर येतात. अर्थात दर वेळी नेमकी वीसच नाहीत. साधारणपणे तीनेक इकडेतिकडे होतात. चाचणीसाठी ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांची सरासरी विसाच्या खाली राहिली. सर्वाधिक गुण २४.

‘चोवीस म्हणजे साठ टक्के, म्हणजे निदान एकाला तरी विद्या येत होती!’ इथे बहुतेकांची गफलत होते. नाणे उडवणाऱ्या एकट्यादुकट्याला २४ किंवा अधिक मिळण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. असे २७ जण बसवले, तर त्यांतल्या तीन-चार जणांना तेवढे गुण मिळणे अपेक्षितच आहे. २८ गुण मात्र एकट्या माणसाला नशिबाने मिळायचे, तर साधारण १२० वेळा नाणेफेकीची अख्खी फेरी करावी लागेल. तरीही २७ जणांपैकी कुणी एकाने २८ गाठले असते, तर लगेच हार घालायला नको. तेवढ्या गर्दीत असा एखादा केवळ योगायोगाने निघण्याची शक्यता पाचात एक. अशा माणसाला ४० नव्या पत्रिका द्यायच्या आणि पुन्हा बघायचे.

तर्काच्या दृष्टीने दोन निष्कर्षांची ताकद सारखी नसते. पाऊस पडला तर अंगण ओले होते. अंगण कोरडे असेल, तर पाऊस पडला नाही हे पक्के. अंगण ओले दिसले म्हणून पाऊस पडला असे मात्र नाही, कुणी सडा टाकला असेल. तसेच इथे: पत्रिकेतून बुद्धी कळत असती तर गुण विसाच्या बरेच वर गेले असते. ते गेले नाहीत, तेव्हा हा दावा या चाचणीत टिकला नाही. उलट गुण भरपूर मिळाले असते, तरी आधी सडा शोधावा लागला असता: सांकेतिक क्रमांक फुटले होते का, जन्मवर्षावरून गट ओळखू येत होता का?

‘पण पूर्वसंचितही, म्हणजे मागल्या जन्मांचे कर्मही असते’ ही पळवाट निकालानंतर हमखास निघते. आधीच सांगितली असती, तर तिचीही चाचणी आखता आली असती.

आणि उत्तरे न पाठवलेल्या २४ जणांचे काय? त्यांना सोडून देणे ज्योतिषाच्या बाजूचेच आहे, कारण खात्री नसलेला माणूस गळण्याची शक्यता जास्त. तरी सरासरी वर गेली नाही.

घरी करून बघायचे तर दहा पत्रिकांवर थांबू नका. दहातली सात उत्तरे बरोबर येणे किंवा त्याहून अधिक, हे नाण्यालाही १७ टक्के वेळा जमते. चाळीसात अठ्ठावीस म्हणजे तेच सत्तर टक्के, पण नाण्याला ते एक टक्का वेळाही जमत नाही. किती गुणांना यश म्हणायचे, तो आकडा मात्र खरी उत्तरे बघण्याआधी कागदावर लिहून ठेवा.