हृदयकप्प्यांचे घनफळ : एमआरआयने मापन

हृदयाच्या कप्प्यात भरल्यावर किती रक्त मावते आणि आकुंचनानंतर किती उरते, हे चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआय) प्रतिमांवरून मिलिलिटरमध्ये काढण्याची पद्धत. मुख्यतः दोन निलयांचे, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यांचे, घनफळ मोजतात. जुन्या मराठी ग्रंथांत निलयाला जवनिका म्हटले आहे. यात क्ष-किरण नसतात आणि निव्वळ घनफळासाठी शिरेतून औषधही टोचावे लागत नाही.

यातले गणित धरणाच्या साठ्याचेच आहे. पैठणच्या नाथसागरातले पाणी कोणी भांड्याने मोजत नाही. कोणत्या पातळीला पाणी किती क्षेत्रावर पसरते हे ठाऊक असते. थराथराची बेरीज केली की साठा निघतो. निलयाचेही झडपेपासून टोकापर्यंत आडवे काप घेतात, साधारण 8 मिलिमीटर जाडीचे, मध्ये 2 मिलिमीटर जागा सोडून. एका कापात पोकळीचे क्षेत्र 14 चौरस सेंटिमीटर भरले, तर 1 सेंटिमीटर उंचीच्या त्या थरात 14 मिलिलिटर रक्त धरायचे. अशा दहाबारा थरांची बेरीज एकदा निलय पूर्ण भरलेला असताना आणि एकदा पुरता आकसलेला असताना करतात.

समजा, पहिली बेरीज 130 आली आणि दुसरी 50. म्हणजे दर ठोक्याला 80 मिलिलिटर रक्त बाहेर पडते, भरलेल्याच्या सुमारे 62 टक्के. दवाखान्याच्या ओट्यावर बसलेले नातेवाईक ‘पंपिंग किती आलं?’ म्हणून विचारतात तो हाच आकडा. उरलेल्या 50 ला मृत साठा म्हणण्याचा मोह होतो, पण तुलना तिथे टिकत नाही. ते रक्त नव्यात मिसळून पुढच्या ठोक्यांना बाहेर पडतच असते. थोराड आणि किरकोळ देहांची तुलना व्हावी म्हणून घनफळाला शरीराच्या पृष्ठफळाने भागतात. उंची 160 सेंटिमीटर व वजन 60 किलो असेल, तर पृष्ठफळ सुमारे 1.63 चौरस मीटर.

धडधडत्या हृदयाचे चित्र एका ठोक्यात पुरे होत नाही. ईसीजीच्या तारा जोडून प्रत्येक ठोक्याचे पंचवीस-तीस टप्पे पाडतात आणि अनेक ठोक्यांतली माहिती टप्प्याटप्प्याने जुळवतात. ठोके अनियमित असले की ही जुळणी विस्कटते आणि कडा पुसट होतात. संधिवाती तापाने झडप आखडलेल्या रुग्णांत हे नेहमी आढळते.

खरी चूक मात्र यंत्रात कमी आणि पोकळीच्या कडेची रेषा आखण्यात जास्त होते. आकुंचनाच्या वेळी झडपेचा तळ टोकाकडे सेंटिमीटरभर सरकतो, त्यामुळे भरलेल्या अवस्थेत निलयात असलेला सर्वांत वरचा काप आकसताना अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, गेलेला असतो. तो मोजला की टाळला, यावर दहा-वीस मिलिलिटरचा फरक पडतो. निलयाच्या आतले बोटांसारखे स्नायू पोकळीत धरायचे की भिंतीत, याबद्दलही एकमत नाही. अहवालात कोणती रीत वापरली ते लिहिलेले असावे, बहुधा नसते.

टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निलयाला ठरावीक आकार मानून हिशेब होतो, म्हणून एमआरआयपेक्षा घनफळ सहसा कमी येते. मराठवाड्यात याला व्यावहारिक महत्त्व आहे. तालुक्याला एको झालेला, मग छत्रपती संभाजीनगर, सोलापूर किंवा हैदराबादला एमआरआय झालेला रुग्ण दोन्ही कागद शेजारी ठेवून ‘हृदय वाढलं’ म्हणून घाबरतो. वाढ ठरवायची तर एकाच पद्धतीचे दोन अहवाल लागतात. उजव्या निलयाचा आकार वेडावाकडा असल्याने तिथे एको तोकडा पडतो. म्हणूनच लहानपणी जन्मजात दोषाची शस्त्रक्रिया झालेल्या, निळ्या पडणाऱ्या लेकरांच्या पुढच्या तपासण्यांत एमआरआयला पसंती मिळते.

मणक्यासाठी एमआरआय करणारे प्रत्येक केंद्र हे मापन करू शकत नाही. हृदयासाठीची प्रणाली आणि रेषा आखणारा जाणकार दोन्ही लागतात. शिवाय रुग्णाची साथ हवी. प्रत्येक कापाला श्वास सोडून रोखायचा असतो, कारण सोडलेल्या श्वासाला छाती दरवेळी जवळपास त्याच जागी येते, भरलेल्या श्वासाला येत नाही. यंत्राच्या धडधडाटात मराठी सूचना नीट ऐकू येत नाही, आणि तांड्यावरून आलेल्या आजीची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, असते. अशा वेळी जोडवी-मंगळसूत्र उतरवून घेतानाच, खोलीबाहेर, नातवाकडून ‘सोडा, धरा’ची दोन-तीनदा तालीम करून घेतली जाते.