‘कन्व्हीनियंट’ नेमकं कोण असतं?

“व्हेन आर यू कन्व्हीनियंट?” चिनी मातृभाषा असलेल्यांच्या इंग्रजीत हा प्रश्न वरचेवर भेटतो. विचारायचं असतं साधंच: तुम्हाला कधी जमेल? इंग्रजी कानाला मात्र ते ‘तुम्ही कधी सोयीचे असता?’ असं ऐकू येतं. ‘सोयीचा उमेदवार’ म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिथे सोय उमेदवाराची नसते, त्याला उभं करणाऱ्याची असते. इंग्रजीतही माणसाला कन्व्हीनियंट म्हटलं की हाच वास येतो.

गंमत म्हणजे विद्यार्थ्याने अर्थ चुकीचा पाठ केलेला नसतो. चिनी ‘फांगप्येन’ या शब्दापुढे कोशात कन्व्हीनियंट हाच प्रतिशब्द असतो. (रोमन लिपीत तो ‘बी’ अक्षर घालून लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’च्या जवळचा. देवनागरीला हा शब्द रोमनपेक्षा बरा पेलतो.) चुकतं ते एवढंच, की हे विशेषण कोणाला लावायचं.

चिनीत विचारतात, “नी फांगप्येन मा?” शब्दाला शब्द ठेवला तर ‘तू सोयीचा का?’ मराठीत ‘तुला सोयीचं आहे का’ म्हणताना सगळं काम तो ‘ला’ करतो. सोय तुझी, आणि सोयीची आहे ती वेळ किंवा गोष्ट. चिनीत विभक्ती नाही, त्यामुळे तू, तुला, तुझ्याने असे फरक सर्वनामाच्या रूपात दिसत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक खोलातली आहे. चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलं, की काही भाषांची वाक्यं कर्त्याभोवती उभी राहतात, तर काहींची ‘विषया’भोवती. चिनी दुसऱ्या गटातली. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला आधी पुढे आणायचं, मग त्याच्याविषयी काय ते सांगायचं. म्हणजे “नी फांगप्येन मा?” याचा खरा अर्थ ‘तुझ्यापुरतं बोलायचं तर, सोयीचं आहे का?’ असा. इंग्रजीत ही सवलत नाही. ‘यू आर’नंतर आलेलं विशेषण थेट ‘यू’लाच चिकटतं.

त्यात फांगप्येनचा पसारा मोठा. झटपट नूडल्स म्हणजे ‘फांगप्येन म्येन’. आजोबांना चालायला त्रास होत असेल तर त्यांचे पाय फांगप्येन नाहीत. एखादी गोष्ट उघड सांगणं बरं दिसत नसेल तर ‘मला सांगायला फांगप्येन नाही’. खिशात पैसे नसले तर हात फांगप्येन नाही. आपण अशा वेळी ‘सध्या जरा अडचण आहे’ म्हणतो, तसंच. आणि जेवता जेवता कोणी ‘मी जरा फांगप्येन होऊन येतो’ म्हणालं तर तो लघवीला निघालाय असं समजावं. या शेवटच्या अर्थावरून चिनी शिकणाऱ्या परदेशी माणसाच्या फजितीचे विनोद चीनमध्ये फार चालतात. पण ब्रिटिश इंग्रजीतही सार्वजनिक शौचालयाला ‘पब्लिक कन्व्हीनियन्स’ म्हणतातच, आणि आपल्याकडे लोक ‘सुलभ कुठे आहे?’ असं विचारतात. तीन भाषांनी आपापल्या वाटेने एकच आडपडदा शोधला.

या शब्दाची एक वाट भारताकडेही येते. कुमारजीव या बौद्ध भिक्षूने इ. स. ४०६ मध्ये चीनमधल्या छांगआन शहरात सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाचं चिनी भाषांतर केलं. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाचं संस्कृत नाव ‘उपायकौशल्य’, आणि चिनी नाव फांगप्येन. ऐकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे शिकवण देण्याची बुद्धाची हातोटी, असा तिथला अर्थ. आज नूडल्सच्या पाकिटावर तोच शब्द बसला आहे.

कन्व्हीनियंटही असाच फिरून आलेला शब्द. लॅटिनमधल्या मुळाचा अर्थ ‘एकत्र येणं, जुळणं’. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘फूड कन्व्हीनियंट फॉर मी’ असं आहे, म्हणजे माझ्यासाठी योग्य तेवढं अन्न. त्याच ग्रंथात ‘नॉट कन्व्हीनियंट’ म्हणजे अशोभनीय. योग्य, शोभेलसं, मग त्रास वाचवणारं, असा अर्थ सरकत गेला.

मग शिकणाऱ्याच्या डोक्यात नेमकं काय होतं? नान ज्यांग या संशोधकाने २००० मध्ये मांडणी केली, की नव्या भाषेतला शब्द सुरुवातीला नुसतं टरफल असतो, आणि आत मातृभाषेतल्या प्रतिशब्दाचा अर्थ आणि व्याकरण येऊन बसतं. नंतर इंग्रजी कितीही वाचलं तरी तो मूळ भाडेकरू सहजी जागा सोडत नाही. पुढे २००२ मध्ये त्याने इंग्रजी जाणणाऱ्या चिनी भाषकांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या आणि अर्थाने त्या किती जवळच्या ते विचारलं. ज्या दोन शब्दांना चिनीत एकच प्रतिशब्द आहे, ते त्यांना अधिक जवळचे वाटले. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना तसं वाटलं नाही. ‘क्वेश्चन’ आणि ‘प्रॉब्लेम’ या दोन्हींना चिनीत ‘वनथी’ म्हणतात. आपलं ‘प्रश्न’ आठवा: परीक्षेतलाही प्रश्नच आणि पाण्याचाही प्रश्नच. तेव्हा चिनी विद्यार्थ्याला हसण्याआधी आपण जरा जपून.

‘आय ॲम इझी टू गेट अँग्री’ हे याच घरातलं वाक्य. चिनीत ते सरळ चालतं: मी लवकर चिडतो. इंग्रजीत मात्र ‘ही इज इझी टू प्लीज’ म्हणजे त्याला खूश करणं सोपं. इथे ‘ही’ वाक्याचा कर्ता दिसतो, पण खूश करणारा तो नव्हे, दुसराच कोणीतरी. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९६० च्या दशकात ‘ईगर टू प्लीज’ (दुसऱ्याला खूश करायला उत्सुक) आणि ‘इझी टू प्लीज’ या जोडीवर बराच खल केला तो यासाठीच. वरून सारखी दिसणारी दोन वाक्यं आतून उलटी असतात.

कन्व्हीनियंट वापरताना माणसाला कर्त्याच्या जागेवरून उठवून ‘फॉर’च्या मागे बसवायचं, आणि पुढे वेळ, जागा, पद्धत किंवा रिकामं ‘इट’ ठेवायचं. ‘इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?’ किंवा ‘इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टू कम टुमॉरो?’ माणूसच पुढे हवा असेल तर विशेषण बदला: ‘आर यू फ्री टुमॉरो?’ हे बोलायलाही सोपं. पत्रातल्या ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’ला सवडीचं निमंत्रण समजू नये, कार्यालयीन भाषेत ते सभ्य शब्दांतलं ‘लवकर कळवा’ असतं. ‘कन्व्हीनियंटली फरगॉट’मधला टोमणा आपल्याला लगेच कळतो, कारण आपणही सोयीस्करपणे विसरतो. फांगप्येनला हा तिरकसपणा सहसा नाही, म्हणून चिनी विद्यार्थ्याला तो वेगळा शिकवावा लागतो.

जागेबद्दल बोलताना ब्रिटिश माणूस हॉटेल स्टेशनला ‘कन्व्हीनियंट फॉर’ आहे म्हणतो, अमेरिकन ‘कन्व्हीनियंट टू’ म्हणतो. दोघांनाही ‘जवळ, जायला सोपं’ असंच म्हणायचं असतं. इथे कर्ता हॉटेल असल्यामुळे चिनी विद्यार्थी फारसा अडखळत नाही.