चाकरमान्याचं गाणं आणि कागद नसलेल्याचं गाणं

मेक्सिकोतून विनापरवाना सीमा ओलांडून अमेरिकेत गेलेल्यांची गाणी कोकणातल्या माणसाला पटकन आपली वाटतात. सुटलेलं घर, पोटासाठीची वणवण, मागे राहिलेली माणसं, सगळं ओळखीचं. म्हणून ती आपल्या चाकरमान्यांच्या गाण्यांशेजारी ठेवली जातात. माझ्या मते तिथेच ती चुकीची ऐकली जातात.

आपल्या फुगडीतला, जाखडीतला मुंबईकर येणार असतो. पूर्वी बोटीने यायचा, मग एसटीने, १९९८पासून कोकण रेल्वेनेही. गणपतीला रजा नाही मिळाली तर शिमग्याला. रुसवा आहे, ओढ आहे, पण वाट बघण्याला तिथी आहे.

लॉस तिग्रेस देल नोर्ते या बँडचं ‘ला हाऊला दे ओरो’, म्हणजे सोन्याचा पिंजरा, ऐका. त्यातला बाप दहा वर्षं अमेरिकेत आहे, अजून कागदपत्रं नाहीत. बायको-मुलं जवळच आहेत. पण मुलं स्पॅनिश विसरली. मेक्सिकोत राहायला जाऊया का, असं विचारल्यावर मुलगा साफ नाही म्हणतो. बाप पकडले जाऊ या भीतीने कामाशिवाय फारसा बाहेर पडत नाही. आपल्याकडे कुटुंब लांब असतं आणि घर शाबूत. इथे कुटुंब एका छपराखाली असूनही घर हरवलेलं. विरहगीत म्हणून ऐकलं तर हे दुःख हातून निसटतंच.

दुसरं दुःख नावाचं. २८ जानेवारी १९४८ला कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसच्या दरीत विमान कोसळून ३२ माणसं गेली. त्यांतले २८ मेक्सिकोला परत पाठवले जाणारे शेतमजूर होते. देशभरच्या बऱ्याच बातम्यांत मजुरांची नावंच नव्हती, ते नुसते ‘हद्दपार केलेले’. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीने त्यावर ‘डिपोर्टी’, म्हणजे हद्दपार केलेला, हे गाणं लिहिलं. सामुदायिक कबरीवर सगळ्यांची नावं कोरलेला दगड बसायला २०१३ उजाडलं. गावाला ज्याचं नाव, आळी, कूळ सगळं माहीत, त्या चाकरमान्याच्या गाण्यात ही भीती कुठून येणार?

त्या २८ जणांतले सगळेच लपून आलेले नव्हते, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. काही जण रीतसर करारावर आले होते, त्यांची मुदत संपली होती. खेड, दापोली, चिपळूणकडचे जे आखातात जातात, त्यांच्या घरच्यांना हे वेगळं सांगायला नको. व्हिसा चालू आहे तोवर तो चाकरमानीच, सुट्टीला येणारा. व्हिसा संपला आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकला, की तिकिटाचे पैसे खिशात असूनही त्याला घरी निघता येत नाही.