हाय-गेन ॲम्पचा मागचा दरवाजा

गिटारचा हाय-गेन ॲम्प, म्हणजे सिग्नल खूप वाढवून आवाज मुद्दाम फाडणारा ॲम्प, वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) अप्रतिम, पण क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज एकतर पातळ, नाहीतर खरखरीत. यावर जाणकारांचा उपाय असा की, गिटार पुढच्या इनपुटला लावूच नका. ॲम्पचे दोन भाग असतात: आवाज घडवणारा प्रीॲम्प आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प. या दोहोंच्या मध्ये सिग्नल बाहेर काढून परत आत घेण्याची सोय म्हणजे इफेक्ट्स लूप. एखाद्या क्लीन प्रीॲम्प पेडलमधून गिटार थेट मागच्या या लूपच्या ‘रिटर्न’ला जोडा. हा उपाय का लागू पडतो, ते या ॲम्पची वंशावळ पाहिली की उलगडतं.

जिम मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जेटीएम 45 उभा केला, तो फेंडर बेसमनच्या सर्किटवरून. त्या पिढीच्या ॲम्पमध्ये प्रीॲम्प माफक काम करायचा. आवाज फाटायचा तो मुख्यतः शेवटच्या टप्प्यात, पॉवर व्हॉल्व्हवर ताण आल्यावर. म्हणजे डिस्टॉर्शन हवं तर व्हॉल्यूम चढवायचा आणि क्लीन हवं तर गिटारवरची नॉब खाली आणायची. अशा ॲम्पला लूप असता तरी तेवढ्याच मोठ्या आवाजात रिटर्नमधून क्लीन मिळालं नसतं, कारण फाटणारा भागच रिटर्ननंतर येत होता. माझ्या मते या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

फाटण्याची ती जागा बदलली 1970 च्या दशकात. कॅलिफोर्नियात मेसा बूगीच्या रँडल स्मिथनं प्रीॲम्पमध्ये गेनचा आणखी एक टप्पा घातला आणि टप्प्याटप्प्यांमधली पातळी वेगवेगळ्या नॉबच्या ताब्यात दिली. 12एएक्स7 या व्हॉल्व्हचा प्रवर्धन गुणांक 100 आहे. असे टप्पे एकामागोमाग जोडले तर गिटारचा इवलासा सिग्नल पॉवर ॲम्पपर्यंत पोचण्याआधीच चेपला जातो. मग मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवला तरी डिस्टॉर्शन तसंच राहतं. मार्शलनं 1975 मध्ये 2203 हे मास्टर व्हॉल्यूमचं मॉडेल आणलं. त्यातला एक टप्पा मुद्दाम ‘थंड’ ठेवलेला आहे, म्हणजे त्यातून प्रवाह कमी वाहतो. व्हॉल्व्हच्या कॅथोड या टोकाचा रेझिस्टर एरवी साधारण एक-दोन किलोओहमचा असतो, इथे तो 10 किलोओहमचा. त्यामुळे लहरीची एक बाजू लवकर कापली जाते. 1987 च्या सोल्डानो एसएलओ-100 मध्ये हाच रेझिस्टर 39 किलोओहमपर्यंत गेला. शिवाय डिस्टॉर्शनचा चिखल होऊ नये म्हणून टप्प्यांच्या मध्ये खर्ज छाटलेला असतो. अशा डिस्टॉर्शनच्या चॅनेलवर गेन खाली आणला की नेमका तो छाटलेला खर्ज जाणवतो. आवाज क्लीन होतो, पण अंगात काही उरत नाही.

याच बदलातून एक अनपेक्षित फायदा झाला. फाटण्याचं काम प्रीॲम्पकडे गेल्यावर पॉवर ॲम्प मोकळा झाला. दणदणीत हाय-गेन ॲम्पच्या पोटात एक ऐसपैस क्लीन ॲम्प तयार बसला होता. फक्त तिथे शिरायला वाट नव्हती.

वाट झाली ती वेगळ्याच गरजेतून. एकोचं यंत्र इनपुटच्या आधी लावलं तर गिटारचा स्वर आणि त्याचे प्रतिध्वनी एकत्रच फाटतात. क्लिपिंगमुळे, म्हणजे लहरीची टोकं कापली गेल्यानं, विरत जाणारे प्रतिध्वनीही मूळ स्वराइतके मोठे होतात आणि सगळा कालवा होतो. पॉवर व्हॉल्व्ह फाटत होते तोवर याला ॲम्पच्या आत इलाजच नव्हता. डिस्टॉर्शन प्रीॲम्पमध्ये आल्यावर मात्र त्याच्यानंतर सिग्नल बाहेर काढून एको देऊन परत आत सोडता येऊ लागला. मेसा बूगीच्या मार्क टू-बी मध्ये, 1980 च्या सुमारास, असा लूप आला. मार्शलच्या जेसीएम 800 मालिकेतल्या दोन चॅनेलच्या मॉडेलनाही तो मिळाला.

सुरुवातीला सिग्नलच्या पातळीचा घोळ बराच असे. स्टुडिओतली रॅकमध्ये (चौकटीत) बसवायची यंत्रं +4 डीबीयूवर, म्हणजे सुमारे 1.23 व्होल्टवर चालतात. घरगुती यंत्रांची −10 डीबीव्ही ही पातळी साधारण 0.32 व्होल्ट. पेडल तर गिटारच्या त्याहूनही मवाळ सिग्नलसाठी बनलेली. लूपच्या सेंड या बाहेर जाणाऱ्या जॅकमधून आलेला तगडा सिग्नल नऊ व्होल्टच्या पेडलला झेपत नसे. अमेरिकी ॲम्पनिर्माता डंबल याच्या ॲम्पसोबत डंबलेटर नावाचा स्वतंत्र डबा वापरला जाई, तो हाच मेळ बसवण्यासाठी.

रॅकच्या जमान्यात प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प ही दोन वेगळी यंत्रं झाली. 1987 च्या एडीए एमपी-1 मध्ये व्हॉल्व्हचे क्लीन आणि फाटलेले आवाज साठवून ते मिडीनं, म्हणजे यंत्रांना हुकूम देणाऱ्या डिजिटल भाषेनं, बदलता येत. असा प्रीॲम्प साध्या ॲम्पच्या रिटर्नला जोडला की त्या ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प बाजूला पडतो. आज पेडलबोर्डवरचा क्लीन प्रीॲम्प तेच करतो. 1992 चा पीव्ही 5150 मेटलमध्ये फार गाजला, पण त्याच्या दोन्ही चॅनेलना टोनच्या नॉब सामायिक होत्या. लीडसाठी बसवलेला टोन क्लीनलाही सोसावा लागे. अशा ॲम्पमध्ये रिटर्नची वाट फारच सोयीची.

गिटार मधे काहीही न घेता रिटर्नला लावली तर मात्र निराशा होते. पिकअपचा सिग्नल कमी पडतो, आणि रिटर्नचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) कमी असेल तर वरचे सूरही मंद होतात. गिटारला साधारण एक मेगाओहमचा इनपुट लागतो. तो आणि हवी तेवढी पातळी प्रीॲम्प पेडल देतं. लूप समांतर असेल, म्हणजे लूपबाहेरचा मूळ सिग्नलही सोबत मिसळत असेल, तर मिक्सची नॉब शंभर टक्क्यांवर हवी. आणि जॅक लावण्याआधी मास्टर व्हॉल्यूम सर्किटमध्ये कुठे आहे ते पाहाच. तो रिटर्नच्या आधी असेल तर त्याचा ताबा सुटतो आणि पॉवर ॲम्प पूर्ण ताकदीनं बोलतो. तेव्हा पेडलची पातळी शून्यावरून हळूहळू वर न्यायची.

दोन्ही आवाज एकाच गाण्यात हवेत तेव्हा चार केबलची पद्धत कामी येते. गिटार मल्टी-इफेक्ट्सच्या (अनेक इफेक्ट्स असलेल्या पायाखालच्या यंत्राच्या) इनपुटला, त्याचा सेंड ॲम्पच्या इनपुटला, ॲम्पचा सेंड मल्टी-इफेक्ट्सच्या रिटर्नला आणि त्याचा आउटपुट ॲम्पच्या रिटर्नला. पायाखालच्या एका बटणानं ॲम्पचा प्रीॲम्प मधे येतो किंवा वगळला जातो. वगळला की उरतो तो पॉवर ॲम्प, आणि डिस्टॉर्शनच्या भिंतीनंतर त्याच स्पीकरमधून सुट्या तारांचा भरदार क्लीन आवाज येतो.