लोगो छोटा केला की फेव्हिकॉन होतो का?

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका जुन्या दुकानाची वेबसाइट करत होतो. तांब्या-पितळेचं दुकान, तिसरी पिढी. काम संपत आलं होतं. दुकानाचे मालक, मी त्यांना काका म्हणतो, माझ्या लॅपटॉपवर वाकून सगळं बघत होते. फोटो आवडले, रंग आवडला. मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि इथं हे काय सांडलंय? चहाचा डाग?"

तो त्यांचाच लोगो होता. आदल्या आठवड्यात त्यांनीच सांगितलं होतं, "तोच टाका की छोटा करून. वेगळं चित्र म्हणजे त्याचे वेगळे पैसे लावाल तुम्ही." मीही कंटाळ्यापायी टाकला होता.

टॅबवर, पानाच्या नावाच्या डावीकडे जे इवलंसं चित्र दिसतं ते फेव्हिकॉन. १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर ते आलं. त्या ब्राउझरमध्ये जपून ठेवलेल्या पत्त्यांना 'फेव्हरिट्स' म्हणत, त्या यादीत नावाशेजारी दाखवायचा आयकॉन तो फेव्हिकॉन. फाइल साइटच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये ठेवायची, नाव ठरलेलं: फेव्हिकॉन डॉट आयसीओ. तेव्हा तर या फाइलला किती जणांनी हात लावला त्यावरून आपलं पान किती लोकांनी जपून ठेवलं याचा अंदाज बांधता यायचा. आता पान जपून ठेवलं नाही तरी ब्राउझर ती मागतो, त्यामुळे ती गंमत संपली.

लोगो म्हणजे दुकानाची पाटी. ग्राहक समोर उभा राहतो, नाव वाचतो, खालची 'नाशिक' ही ओळही वाचतो. वेबसाइटवर लोगो पानाच्या आत बसतो, मागची पार्श्वभूमी तुम्ही ठरवता, रुंदी तुम्ही ठरवता, आडवा हवा तर आडवा. फेव्हिकॉन पानाच्या बाहेर, ब्राउझरच्या अंगणात बसतो. तिथं जागा चौकोनीच मिळते आणि मागचा रंग ग्राहकाच्या मर्जीचा: कुणाची पट्टी पांढरी, कुणाची काळी. शिवाय शेजारी पानाचं नाव लिहिलेलंच असतं, म्हणून नाव सांगायचं काम त्याच्याकडे नाही. वीस टॅब उघडले की नावं कापली जातात, उरतं ते चित्र. त्या गर्दीत ग्राहकाचं बोट आपल्या टॅबवर पडलं पाहिजे, एवढीच त्याची नोकरी.

तरी गोंधळ होतो, आणि तो नुसता काकांचा नाही. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार प्रणालीत, लोगो लावताना 'हाच साइट आयकॉन म्हणूनही वापरा' अशा अर्थाचं एक बटण असतं. ते दाबलं की झालं, असं वाटतं. गोल, साधं, एका अक्षराचं बोधचिन्ह असेल तर खरंच होतंही. आपल्याकडच्या दुकानांचे लोगो मात्र असे क्वचितच असतात.

काकांचा लोगो बघा. गोल शिक्का, मधोमध समई, कडेने दुकानाचं पूर्ण नाव, खाली स्थापनेचं साल. पानावरची फाइल ४०० पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ४०० ठिपके, रुंद. टॅबवरची जागा १६ पिक्सेल, म्हणजे चित्र पंचवीस पटींनी आक्रसणार. समईचा दांडा १० पिक्सेलचा होता, तो झाला ०.४. कडेची अक्षरं २० पिक्सेल उंच होती, ती झाली ०.८. पिक्सेलचे तुकडे पडद्यावर पडत नाहीत. ब्राउझर त्या जागी दांडा आणि पार्श्वभूमी यांचा मधला रंग भरतो. तपकिरी आणि पांढऱ्याच्या मधला रंग कसला, हे काकांनी बरोबर ओळखलं होतं.

काकांना मी नाण्यांचा दाखला दिला. पांडवलेण्यांत ज्याच्या जावयाने लेणं कोरवलं तो शक राजा, क्षत्रप नहपान. त्याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. एका बाजूला राजाचा चेहरा, कडेने लेख. पण साचा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे कित्येक नाण्यांवर कडेचा लेख अर्धा बाहेरच गेलेला असतो. चेहरा कळतो, नाव तुटतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि यातल्या हजारो नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. ते चिन्ह आज १६ पिक्सेलमध्ये काढा, ओळखू येतं. नहपानाचं नाक येणार नाही. अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. लोगो काढणाऱ्या मुलांनी तिथं एक दुपार घालवावी असं मला फार वाटतं. एवढ्याशा चकतीवर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न नवा नाही.

मग आम्ही समई सोडली आणि तांब्या घेतला. चौकटीची वही आणली, गणिताची असते ती. सोळा बाय सोळा चौकटींचा चौकोन आखला, म्हणजे एकूण २५६ घरं. काकांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, घर भरायचं तर पूर्ण भरायचं, अर्धं नाही.

पहिल्याच प्रयत्नात त्यांनी तांब्याचा गळा पाच घरांचा काढला आणि तो मधोमध बसेना. बसणारच नाही. सोळा ही सम संख्या, तिच्या मध्यावर घर नसतं, रेघ असते. त्यामुळे मध्यावर बसवायच्या आकाराची रुंदी समच हवी. गळा चार, काठ आठ, पोट चौदा असं ठरलं. चारही बाजूंनी एकेक घर मोकळं सोडलं. गळा आणि पोट यांच्यामध्ये एक आडवी ओळ रिकामी ठेवली, कारण तिच्याशिवाय तो तांब्या न दिसता बुद्धिबळातलं प्यादं दिसत होता. ही एक ओळ शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासाचेच मी पैसे घेतो, हेही काकांना तेव्हा पटलं.

तांब्याच का, अक्षर का नाही? दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर 'श्री'. देवनागरीला तीन मजले लागतात: वर मात्रा-वेलांट्या, मध्ये अक्षर, खाली उकार. वेलांटी, शिरोरेघ आणि जोडाक्षराची गाठ १६ पिक्सेलमध्ये कोंबली की काळा ठिपका उरतो. तुमचं अक्षर न, ग, र किंवा ट असेल, आणि मात्रा-वेलांटी काही नसेल, तर खुशाल अक्षर घ्या. शिरोरेघ आणि काना दोन-दोन घरांचे ठेवा आणि टाइप केलेला फॉन्ट लहान करण्याऐवजी हाताने काढा.

रंगाचं एक सांगतो. तांब्याचा रंग पांढऱ्या टॅबवर छान दिसला, डार्क मोडमध्ये बुडाला. मागे पांढरा चौकोन ठेवला तर काळ्या पट्टीवर पॅच मारल्यासारखं दिसतं. आम्ही उलट केलं: गडद मरून चौकोन, कोपरे थोडे गोल, त्यावर पिवळसर तांब्या. दोन्हीकडे चालतो.

लोगोची एक चांगली एसव्हीजी फाइल (ठिपक्यांऐवजी रेघांनी बनलेलं चित्र) असली की ती व्हिजिटिंग कार्डापासून बोर्डापर्यंत ताणता येते. फेव्हिकॉनची मात्र अख्खी पिल्लावळ असते. आयसीओ हा मुळात डबा आहे, त्यात १६, ३२ आणि ४८ अशी तीन चित्रं एकत्र बसतात. (पीएनजी या साध्या चित्रफाइलचं नाव बदलून आयसीओ केलं म्हणजे आयसीओ झालं नाही. बरेच ब्राउझर चालवून घेतात, एवढंच.) आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० पिक्सेलची पीएनजी लागते. तिची पार्श्वभूमी भरलेली हवी, पारदर्शक ठेवलीत तर आयफोन तिथं काळा रंग भरतो. तिचे कोपरेही गोल करू नका, ते तो स्वतः कापतो. अँड्रॉइडसाठी १९२ आणि ५१२. तिथं काही फोन आयकॉन गोल कापतात, म्हणून मुख्य आकार मधल्या ऐंशी टक्के वर्तुळात ठेवायचा. मोठ्या मापात तपशील परत आणता येतो: १८० च्या तांब्यावर आम्ही मठारकामाचे ठोके दाखवले, ३२ वर फक्त एक चमक, १६ वर काहीच नाही.

लावणं सोपं आहे. वर्डप्रेस असेल तर 'साइट आयकॉन'मध्ये किमान ५१२ बाय ५१२ चं चौकोनी चित्र द्या, बाकीची मापं ते स्वतः करतं. पण मग १६ साठी हाताने काढलेला तांब्या वाया जातो, म्हणून मी आयसीओ फाइल वेगळी मुळाशी ठेवतो आणि पानाच्या कोडच्या वरच्या, न दिसणाऱ्या 'हेड' भागात लिंकची ओळ स्वतः लिहितो. गूगलच्या निकालांतही नावाशेजारी हेच चित्र येतं. त्यासाठी ते चौकोनी हवं, ४८ पिक्सेलपेक्षा मोठं असावं अशी गूगलची शिफारस आहे, आणि त्याचा पत्ता वारंवार बदलू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "अहो, डाग तसाच आहे!" ब्राउझर फेव्हिकॉन वेगळा साठवून ठेवतो, पान रिफ्रेश केलं तरी जुनंच दाखवतो. इन्कॉग्निटो खिडकीत उघडायला सांगितलं, तिथं तांब्या दिसला. मी फाइलच्या पत्त्याला शेवटी आवृत्तीचा आकडा जोडला, म्हणजे ब्राउझरला ती नवी फाइल वाटते, मग त्यांच्याही टॅबवर बदलला. गूगलला आणखी काही दिवस लागले. सातकर्णीच्या ठशाखालून नहपानाचा चेहरा कुठे कुठे डोकावतो, तसंच हे.

गोष्ट इथं संपली असं मला वाटलं होतं. धनत्रयोदशीच्या आधी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. काकांच्या पुतण्याला तांब्या इतका आवडला की त्याने वेबसाइटवरून तो उतरवून दहा फुटी फ्लेक्ससाठी पाठवला होता. "सर, फाइल ३२ बाय ३२ ची आहे. काढू का? एकेक पिक्सेल तळहाताएवढा येईल."

मी म्हटलं थांबा, आणि त्याला समईच्या लोगोची एसव्हीजी पाठवली.